पॅरासेलिंग : युद्धछत्रीपासून करमणुकीपर्यंत – उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक परिचय

प्रस्तावना

मराठी इतिहासलेखनात करमणुकीच्या साधनांना दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. तमाशा, नाटक, कुस्ती आणि चित्रपट यांचा अपवाद सोडला तर सर्वसामान्य माणूस सुटीच्या दिवशी काय करतो, कोठे जातो, कशासाठी पैसे मोजतो, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. गेल्या तीन-चार दशकांत कोकण किनाऱ्यावर व गोव्यात रुजलेले पॅरासेलिंग हे असेच नोंदीबाहेर राहिलेले एक करमणुकीचे साधन होय. किनाऱ्यावर रंगीबेरंगी छत्री फुगते, मोटारबोट वेग घेते आणि कंबरेला पट्टे बांधलेला माणूस पाण्यावरून वर उचलला जातो. हे दृश्य आता कोणालाही नवे नाही. तथापि ही छत्री मुळात कोणी व कशासाठी बनविली आणि ती सहलीच्या हाती कशी आली, याविषयी मराठीत माहिती विरळाच आढळते.

प्रस्तुत निबंधात हा इतिहास उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या ठाणे जिल्ह्यातील तीन शहरांच्या संदर्भात मांडला आहे. या शहरांना समुद्रकिनारा नाही. मग हा संदर्भ कशासाठी, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, पॅरासेलिंग ही लष्करी साधनाची नागरी जीवनात झालेली उतराई आहे, आणि उल्हासनगर हे शहर व नेवाळीचे मैदान यांचा जन्मही अशाच उतराईतून झालेला आहे. शिवाय या परिसरातील तरुण या क्रीडेचे दोन्ही प्रकार पाहतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मैदानावरील प्रकार आणि अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरील प्रकार. या दोहोंत छत्री तीच असते. शिस्त मात्र एकच नसते, आणि हाच या निबंधाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

आरंभीच एक संभ्रम दूर करणे आवश्यक आहे. पॅराशूट, पॅराग्लायडिंग व पॅरासेलिंग हे तीन शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. पॅराशूट हे वरून खाली सुरक्षित उतरण्याचे साधन. पॅराग्लायडिंगमध्ये माणूस डोंगरउतारावरून स्वतः उड्डाण करतो व छत्रीची दिशा स्वतः ठरवितो. पुण्याजवळच्या कामशेत येथे चालते ते हेच. पॅरासेलिंगमध्ये माणूस दोराने जमिनीवरील अथवा पाण्यावरील वाहनास बांधलेला असतो आणि त्याच्या उड्डाणाची सूत्रे सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतात. पहिल्यात उतरणे, दुसऱ्यात तरंगणे आणि तिसऱ्यात ओढले जाणे मुख्य होय. कायदा, विमा व जबाबदारी यांच्या दृष्टीने हा भेद शब्दांपुरता राहत नाही. पॅराग्लायडिंग करणारा निदान काही अंशी वैमानिक असतो. पॅरासेलिंग करणारा पूर्णतः प्रवासी असतो.

पतंग, छत्री आणि दोर

पॅरासेलिंगचे पूर्वज दोन आहेत, एक पतंग व दुसरा पॅराशूट. त्यांपैकी पतंगाचा वारसा अधिक जुना. माणसाला पतंगाने उचलण्याचे प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकात झाले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने १८२० च्या दशकात आपल्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाच्या साहाय्याने उंच उचलले होते. शिक्षकी पेशातील माणसाने स्वतःच्या मुलीवर असा प्रयोग करावा हे आजच्या पालकसभेला पटणार नाही, पण पोकॉक हा वाऱ्याच्या बळाचा गंभीर अभ्यासक होता आणि पतंगाने ओढली जाणारी गाडीही त्याने तयार केली होती. पुढे ही कल्पना लष्कराने उचलली. १८९४ मध्ये बी. एफ. एस. बेडन-पॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने पतंगाने सैनिकास हवेत नेऊन दाखविले. शत्रूच्या हालचालींची टेहळणी हा त्यामागील हेतू होता. त्यानंतर सॅम्युअल कोडी यांचे माणूस उचलणारे पतंग ब्रिटिश सेनेने १९०६ मध्ये स्वीकारले.

दुसऱ्या महायुद्धात या कल्पनेचे आणखी एक रूप दिसते. जर्मन पाणबुड्यांवर फोके-आखगेलिस ३३० नावाचे फिरत्या पात्यांचे एक बिनइंजिनाचे यान असे. पाणबुडी वेगाने पुढे जाऊ लागली की दोराने बांधलेले हे यान टेहळ्या सैनिकासह वर चढे व त्याला दूरवरची जहाजे दिसत. त्याचा वापर प्रामुख्याने हिंदी महासागरात झाला. बोटीने ओढलेला, दोराने बांधलेला, हवेत लटकलेला माणूस हे आजच्या किनाऱ्यावरील चित्र आपल्याच महासागरावर १९४३ च्या सुमारास युद्धाच्या निमित्ताने दिसले होते. फरक एवढाच की, शत्रूचे विमान दिसले आणि पाणबुडीला तातडीने बुडी मारावी लागली, तर वरच्या माणसाचे भवितव्य कठीण असे. दोराच्या खालच्या टोकाशी असणाऱ्याची गरज आणि वरच्या टोकाशी असणाऱ्याचा जीव यांतील हा ताण पुढेही या क्रीडेला सोडून गेला नाही.

पॅराशूटचा इतिहास तुलनेने परिचित आहे. आंद्रे-जाक गार्नेरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून छत्रीच्या साहाय्याने उतरून दाखविले. भारतात हा खेळ पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज बलूनवीराने १८८९ मध्ये मुंबई व कलकत्ता येथे आणला. त्याच्याकडून प्रेरणा घेऊन कलकत्त्याच्या रामचंद्र चट्टोपाध्याय यांनी १८८९ मध्ये बलूनमधून स्वतंत्र उड्डाण केले व १८९० मध्ये पॅराशूटने उतरण्याचा मान पहिल्या भारतीयाच्या नात्याने मिळविला. हे सारे तिकीट लावून झालेले जाहीर खेळ होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणजे पॅराशूट प्रथम करमणूक म्हणून आले, नंतर युद्धसाधन झाले आणि पुन्हा करमणुकीकडे वळले.

युद्धसाधन म्हणून भारतात त्याची पायाभरणी १९४१ मध्ये झाली. त्या वर्षी ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभारली गेली आणि कानपूर येथे पॅराशूट बनविणारा आयुध कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. स्वातंत्र्योत्तर काळात आग्रा हे छत्रीधारी सैनिकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र बनले.

पॅरासेलिंगचा खरा जन्म १९६० नंतरचा. गोल पॅराशूट ओढले तर ते वर चढण्याऐवजी मागे रेटले जाते व डोलते, ही अडचण होती. पियेर-मार्सेल लम्वान्य या फ्रेंच अभियंत्याने छत्रीच्या कापडात विशिष्ट ठिकाणी फटी ठेवल्या. या फटींतून हवा मागच्या बाजूस सुटते, त्यामुळे छत्रीला पुढे सरकण्याचा कल मिळतो, ती स्थिर राहते आणि ओढल्यावर वर चढते. १९६३ मध्ये जाक-आंद्रे इस्तेल या फ्रान्समध्ये जन्मलेल्या अमेरिकी छत्रीवीराने पायोनियर पॅराशूट कंपनीसाठी या चोवीस पाकळ्यांच्या छत्रीचे उत्पादनहक्क घेतले, आणि ‘पॅरासेल’ हे तिचे व्यापारी नाव ठरले. आरंभी तिचा उपयोग छत्रीधारी सैनिकांच्या सरावासाठी होई. विमानाचा खर्च न करता शिकाऊ सैनिकाला वाहनाने ओढून वर न्यावे, दोर सोडावा व त्याला उतरण्याचा अनुभव द्यावा, असा तो हिशेब होता. यात वर जाणे हे केवळ साधन होते. साध्य होते ते नीट उतरणे.

करमणुकीत हा क्रम उलटा झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यांवर पर्यटकाला वाळूवरून उडवून पुन्हा वाळूवर उतरविण्याचा धंदा सुरू झाला. वाळूवरील उतरणे धोक्याचे ठरते असे दिसल्यावर पाण्यातील तरंगते फलाट आले, आणि त्यापुढील पायरी म्हणून बोटीवरच दोर गुंडाळणारे यंत्र बसविले गेले. या यंत्रामुळे प्रवासी बोटीच्या मागील फळीवरून उडतो व तेथेच परत येतो, त्याचे पायही ओले होत नाहीत. आता पर्यटकाला उतरण्याची कला शिकण्याचे कारणच उरले नाही.

युद्धछावणीची भूमी

उल्हासनगरची उत्पत्ती सर्वश्रुत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्याची संक्रमण छावणी उभारली गेली. सुमारे ६,००० सैनिक व ३०,००० इतर लोक यांच्यासाठी २,१२६ बराकी व अन्य निवासस्थाने असा तिचा विस्तार होता. युद्ध संपले आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. आजही तेथील माणूस आपला पत्ता ‘कॅम्प नंबर तीन’ किंवा ‘कॅम्प नंबर पाच’ असाच सांगतो. सैन्याने टाकून दिलेल्या वस्तूंचा नागरी संसारासाठी उपयोग करण्याची विद्या या शहराने जितकी आत्मसात केली तितकी महाराष्ट्रातील दुसऱ्या शहराने क्वचितच केली असेल. पुढे जीन्स शिवण्याच्या उद्योगाने या शहराला देशभर ओळख दिली. पॅराशूट ही वस्तूदेखील अखेर शिलाईचीच करामत आहे. पाकळ्यांचे जोड, शिवणीची दाटी आणि पट्ट्यांची मजबुती यांवर वरच्या माणसाचा जीव अवलंबून असतो, हे शिलाई यंत्रावर बसणाऱ्या कारागिरास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

छावणीबरोबरच या परिसरात विमानांसाठीही जागा घेण्यात आली. मलंगगडाच्या पायथ्याच्या बाजूस, अंबरनाथ व कल्याण यांच्या दरम्यान, नेवाळी येथे युद्धकाळात धावपट्टी बांधण्यात आली. त्यासाठी नेवाळी, भाल, द्वारली आदी गावांतील सोळाशे एकरांहून अधिक जमीन ब्रिटिश शासनाने ताब्यात घेतली. युद्धानंतर विमाने गेली. जमीन कागदोपत्री संरक्षण खात्याकडे राहिली, परंतु शेतकरी त्या जमिनीत भात पिकवीत राहिले. युद्धापुरती घेतलेली जमीन युद्ध संपल्यावर परत मिळायला हवी होती, अशी त्यांची भूमिका आहे. २०१७ मध्ये नौदलाने संरक्षक भिंत बांधण्याचे काम हाती घेतले तेव्हा हा प्रश्न पेटला. २२ जून २०१७ रोजी झालेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. वाहने जाळली गेली, पोलीस व शेतकरी दोघेही जखमी झाले.

नेवाळीचा हा उल्लेख विषयांतर वाटण्याचा संभव आहे, पण तसे नाही. जमिनीवरील पॅरासेलिंगला काय लागते? अडथळा नसलेले सलग मैदान, जीप सरळ धावू शकेल अशी लांबी, विजेच्या तारा व झाडे यांपासून अंतर आणि मोकळा वारा. या अटी पुऱ्या करणारी जागा तीन शहरांच्या परिसरात शोधू गेल्यास धावपट्टीचे मैदान प्रथम नजरेत भरते. म्हणूनच साहसी क्रीडेसाठी किंवा पर्यटनासाठी या जागेची कल्पना सुचणे अगदी सोपे आहे. मात्र ज्या जमिनीवर कुटुंबांच्या तीन पिढ्यांचा हक्काचा दावा उभा आहे, तिच्याकडे रिकामे मैदान म्हणून पाहणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. तो दावा निकाली निघेपर्यंत तेथे करमणुकीचा विचार गौण मानला पाहिजे.

उरलेल्या परिसराची स्थिती याहून वेगळी नाही. उल्हासनगर हे दाट वस्तीचे शहर. अंबरनाथची मोकळी जमीन औद्योगिक वसाहती व गृहसंकुले यांनी व्यापली. बदलापूर तर गेल्या तीन दशकांत मुंबईकडे रोज रेल्वेने जाणाऱ्या नोकरदारांचे नगर म्हणून झपाट्याने वाढले. पाण्याचा विस्तीर्ण साठा म्हणून बदलापूरजवळील बारवी धरण आहे. परंतु औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणातून परिसरातील कारखाने व शहरे यांना पाणीपुरवठा होतो. पिण्याच्या पाण्यावर मोटारबोटी धावू देणे योग्य नव्हे, याबाबत दुमत होऊ नये. सारांश, या परिसरातील माणसाला दोरावर हवेत जायचे असेल तर त्याला घराबाहेर दूर जावे लागते.

जीप आणि बोट

ते दूर जाणे दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग राष्ट्रीय छात्रसेनेचा. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या संघटनेत पुढील वर्षी मुलींचा विभाग आला व १९५० मध्ये वायुशाखा सुरू झाली. उल्हासनगरात श्रीमती चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालयासारख्या संस्था १९६० च्या दशकात उभ्या राहिल्या, तेव्हा निर्वासितांच्या दुसऱ्या पिढीला शिक्षणाची दारे गावातच उघडली. छात्रसेना हा देशभरातील अशा महाविद्यालयीन जीवनाचा एक भाग होता. छात्रसेनेच्या साहसी उपक्रमांत गिर्यारोहण व छत्रीउडीबरोबर पॅरासेलिंगचाही समावेश आहे. मध्यमवर्गीय व कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांतील असंख्य मुलामुलींना हवेत जाण्याचा पहिला अनुभव विमानाने दिला नाही, तो याच छत्रीने दिला.

तेथील पद्धती पाहण्याजोगी असते. छात्राला प्रथम जमिनीवर पडावयास शिकवितात. दोन्ही पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीशी, आणि आघात पावलांपासून पोटरी, मांडी व पाठीच्या बाजूवर विभागला जाईल असे लोळण. हे पुनःपुन्हा करून घेतल्याशिवाय कोणालाही पट्टे चढविले जात नाहीत. नंतर वाऱ्याची दिशा पाहून जीप उभी केली जाते, दोर ताणला जातो, दोघे-तिघे सहकारी छत्रीची कड धरून ती हवेला उघडी करतात आणि खुणेनंतर जीप हलते. छात्र काही पावले धावतो व उचलला जातो. खाली संपूर्ण तुकडी उभी असते. कोणाची पाळी केव्हा, वारा वाढल्यास थांबावे की नाही, हे प्रशिक्षक ठरवितो, आणि त्याच्या निर्णयावर उत्पन्नाचा भार नसतो. शेवटची ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

दुसरा मार्ग किनाऱ्याचा. नागाव, वरसोली, काशीद, मुरूड, पुढे दापोली तालुक्यातील किनारे, गणपतीपुळे आणि सिंधुदुर्गातील मालवण-तारकर्ली या क्रमाने कोकणात जलक्रीडा पसरल्या. गोव्यात त्या आधीपासून रुळल्या होत्या, आणि जलक्रीडेतील प्रशिक्षणासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय संस्था १९९० मध्ये गोव्यातच स्थापन झाली. बदलापूरहून पहाटे निघालेले कुटुंब पनवेल-पेण मार्गे दुपारपूर्वी अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचते. आणि येथेच एक भौगोलिक योगायोग त्याच्या विरोधात जातो. शालेय भूगोलात शिकविल्याप्रमाणे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि जमीन तापत जाईल तसे ते दुपारी जोर धरतात. सकाळचा शांत वारा हा या क्रीडेस अनुकूल. परंतु दूरवरून आलेला पर्यटक किनाऱ्यावर उतरतो तो बहुधा वारा चढू लागल्यावरच. त्याला संध्याकाळी परतावयाचे असते, मुले अधीर झालेली असतात, पैसे देण्याची तयारी असते आणि बोटवाल्याचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. थांबण्याचा सल्ला देणारा प्रशिक्षक या चित्रात कोठेही नाही.

किनाऱ्यावरील प्रकाराने एक मोठे सामाजिक काम केले, हे मान्य करावयास हवे. वय, शरीरयष्टी, पोशाख व शिक्षण यांच्या अटी त्याने सैल केल्या. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर छत्रीउडी घेतली, २०११ मध्ये त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी साडी नेसून विमानातून उडी मारली. त्यांची ही कामगिरी असामान्य साधनेची आहे. परंतु ज्या गृहिणीने कधी झोपाळ्यापलीकडे उंची अनुभवली नाही, तिलाही साडीचा पदर खोचून पाच मिनिटे समुद्र वरून पाहता यावा, ही सोय पॅरासेलिंगने केली. तिचे मोल कमी नाही. उलट ते मोठे आहे म्हणूनच त्या गृहिणीच्या वर ताणलेल्या दोराची चौकशी अधिक कसून व्हावयास हवी.

दोराची चौकशी

पॅरासेलिंगमध्ये सर्वसाधारणपणे छत्रीला समोरून ताशी २५ ते ४० किलोमीटर वेगाची हवा लागते. हा वेग बोटीचा नसून बोट आणि वारा यांचा एकत्रित असतो. पतंग उडविणाऱ्या कोणाही पोराला हे ठाऊक असते. वारा नसेल तर तो धावतो, वारा असेल तर उभा राहून ढील देतो. पण हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला तर छत्रीवरील बल चौपट होते, आणि हे सर्व बल अखेर एका दोरावर येते. दोर उन्हाने, खाऱ्या पाण्याने व वाळूच्या कणांनी आतून झिजतो. गाठ मारलेल्या ठिकाणी त्याची ताकद बरीच घटते. बाहेरून तो धडधाकट दिसतो. दोर तुटल्यास छत्री एकदम कोसळत नाही, ही गोष्ट अनेकांचे प्राण वाचविते. ती वाऱ्याबरोबर वाहत हळूहळू खाली येते. पाण्यावर हे बहुधा निभावते. मात्र खारा वारा जमिनीच्या दिशेने वाहत असल्याने छत्री किनाऱ्याकडे, म्हणजे सुरूची झाडे, तारा व घरे यांच्याकडे ओढली जाण्याचा धोका राहतो.

महाराष्ट्रातील अनुभव याची साक्ष देतो. मे २०१९ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर दोर तुटून पुण्याचा एक १५ वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला. वडील त्याच्याबरोबरच हवेत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अलिबागजवळील वरसोली येथे दोर तुटून मुंबईच्या दोन महिला समुद्रात पडल्या व सुदैवाने बचावल्या. त्याच महिन्यात दीव येथे एका दांपत्याच्या बाबतीतही असाच प्रसंग घडला आणि तेही वाचले. या घटनांची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. तिच्यावर हसणारे अधिक होते की घाबरणारे, हे सांगणे कठीण आहे. पण दोराचे वय किती होते, तो कितव्या फेरीत तुटला आणि त्या वेळी वाऱ्याचा वेग काय होता, हे तीन प्रश्न त्या चर्चेत क्वचितच विचारले गेले.

हेच प्रश्न अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने कायद्यात आणले, पण त्यासाठी मृत्यूंची वाट पाहावी लागली. २००७ व २०१२ मधील अपघातांत बळी पडलेल्या दोन तरुणींच्या नावे तेथे २०१४ मध्ये कायदा झाला. सतत वाहणारा वारा ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक असेल, किंवा झोत ताशी २५ मैलांहून अधिक असतील तर पॅरासेलिंग करता येत नाही. जवळपास वीज चमकत असल्यास मनाई आहे. बोटीवर हवामानाची माहिती देणारे उपकरण ठेवणे व त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. या तरतुदींत विलक्षण असे काहीच नाही. छात्रसेनेचा प्रशिक्षक ओल्या बोटाने वारा पाहून जे ठरवितो, तेच येथे आकड्यांत बांधलेले आहे.

महाराष्ट्रात जलक्रीडेसाठी परवानगी देण्याचे काम १९९६ च्या कायद्याने निर्माण झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत शासनाने २०१४ व २०१८ मध्ये निर्णय काढले आणि २०२१ मध्ये जमीन, हवा व पाणी या तिन्ही माध्यमांतील उपक्रमांसाठी साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात आयोजकाची नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ व सुरक्षासाधने यांवर भर आहे. धोरणाची दिशा योग्य आहे. तथापि नोंदणीचा कागद कार्यालयात असतो आणि दोर किनाऱ्यावर असतो. या दोहोंमधील अंतर कोणी व किती वेळा चालून जावयाचे, हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे. पर्यटकाच्या बाजूनेही एक उणीव राहते. जीवरक्षक जाकीट मिळाले की सुरक्षिततेची पूर्तता झाली असे तो समजतो. वस्तुतः ते जाकीट पाण्यात पडल्यानंतरचे साधन आहे. वर असताना त्याचे रक्षण दोर, पट्टे आणि बोटवाल्याचा निर्णय हेच करतात.

येथे या परिसरातील महाविद्यालयांना एक काम करता येण्यासारखे आहे. ज्या विद्यार्थ्याने छात्रसेनेच्या मैदानावर छत्रीची कड धरली आहे, तो किनाऱ्यावर आपल्या आईवडिलांसाठी चार गोष्टी पाहू शकतो. वारा झाडांची पाने हलवितो आहे की फांद्या, दोराला मध्ये गाठ आहे काय, कंबर व मांडीचे पट्टे शिवणीजवळ उसवले आहेत काय, आणि बोटीवर चालकाखेरीज वर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस आहे काय. शारीरिक शिक्षण व छात्रसेना या विभागांनी सहलींच्या हंगामापूर्वी एखादा तास यासाठी दिला तर त्याला वेगळ्या अनुदानाची गरज पडणार नाही.

हंगामाविषयी एक नोंद अखेरीस आवश्यक आहे. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद ठेवण्याचा शिरस्ता आहे. समुद्र खवळलेला असतो, बोटी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि छत्र्या गुंडाळून ठेवलेल्या असतात. नेमक्या याच महिन्यांत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील तरुणांचे जथे रविवारी बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या धबधब्याकडे व आसपासच्या ओढ्यांकडे वळतात. तेथे बुडून मृत्यू होण्याच्या घटना वारंवार घडल्याने प्रशासनाला पावसाळ्यात बंदीचे आदेश काढावे लागले आहेत. त्या पाण्यावर बोट नाही, दोर नाही, नोंदणी केलेला आयोजकही नाही.